शांत झालो की नुसताच गप्प झालो? साधना, साक्षीभाव आणि घरचे

चारभिंती

साधनेवर इथं बरेच धागे येतात, पण बहुतेकांत 'मला अमुक दिसलं, तमुक ऐकू आलं' असंच असतं. मला काही दिसलेलं नाही. प्रकाश नाही, नाद नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. माझा प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे.

साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, नोकरी हिशेबाची. पहाटे उठून थोडी आसनं, अनुलोम-विलोम, मग बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं लक्ष ठेवायचं, मनात जे उठेल ते बघायचं, त्याच्या मागं जायचं नाही. साक्षीभाव म्हणतात तो हाच. बरीच वर्षं हे चालू आहे आणि फरक पडलाय. पूर्वी ऑफिसात कुणी आवाज चढवला की माझा दुप्पट चढायचा. आता राग येताना कळतो. आधी पोटात आवळतं, मग कानशिलं तापतात, आणि शब्द तोंडात येईपर्यंत मध्ये थोडी फट सापडते. त्या फटीत थांबता येतं. बहुतेक वेळा न बोलता राग जातोही.

आता खरा मुद्दा. मेव्हण्याच्या ऑपरेशनचं ठरत होतं, त्या दिवसांत बायको रात्री काहीबाही बोलत बसायची. मी ऐकत होतो. अडवलं नाही, उपदेश केला नाही, मनात काय उठतंय ते बघत होतो. चौथ्या-पाचव्या रात्री ती म्हणाली, "अहो, तुम्ही शांत नाही झालात, गप्प झालात. पूर्वी भांडायचात तेव्हा निदान घरात होतात." मुलाचंही तेच म्हणणं निघालं. निकालाच्या दिवशी बाबा नुसतं 'छान' म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

माझ्या मते ती अर्धी बरोबर आहे. पण अर्धी म्हणजे कुठली, ते मला सांगता येत नाही. राग कमी झाला की दबला, हे ज्याचं त्याला आतून ओळखता येतं का? साक्षीभाव कुठं संपतो आणि अलिप्तपणाचं सोंग कुठं सुरू होतं? जे स्वतः बसतात त्यांचं मत हवंय. न बसणाऱ्यांचंही चालेल. शिबिरांच्या जाहिराती आणि बाबा-महाराजांचे पत्ते मात्र कृपया नकोत.

शंकासुर

न बसणाऱ्यांपैकी मी पहिला. वहिनी बरोबर आहेत. धागा बंद करा. :)

आता थोडं गंभीरपणे. तुमचा राग साधनेनं कमी झाला हे कशावरून? माणूस वय वाढेल तसा थंडावतोच. माझे काका उभ्या जन्मात ध्यानाला बसले नाहीत, रोज राजवाड्यावर मिसळ खातात, आणि तेही आता ओरडत नाहीत. साधना केली नसती तर तुम्ही आज कसे असता हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. मग 'आंतरिक परिवर्तन' हा शब्द इतक्या सहज का वापरायचा?

चारभिंती

शंकासुर, मी तो शब्द वापरलेलाच नाही, शोधून बघा. 'फरक' म्हटलंय. वयाचा मुद्दा मान्य. पण पोटात आवळणं आणि तोंडातून शब्द येणं या दोन गोष्टी मला आता वेगळ्या दिसतात, त्या वयानं वेगळ्या झाल्या असं वाटत नाही. तुमच्या काकांना विचारून बघा.

शंकासुर

काकांना विचारलं तर म्हणतील, पोटात आवळतंय, मिसळ तिखट होती.

वेण्णाकाठ

चारभिंती, तुमचा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तर योगसूत्रांत जवळजवळ याच आकारात आहे. मी शाळेत संस्कृत शिकवायची, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिल्या पादातलं (पाद म्हणजे प्रकरण) 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः', म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबवणं हाच योग, हे सगळ्यांना पाठ असतं. तुमचं काम दुसऱ्या पादात आहे. तिथं सूत्रकार पतंजली पाच क्लेश, म्हणजे दुःखाची मुळं, सांगतात: अविद्या (अज्ञान), अस्मिता (मीपणा), राग, द्वेष, अभिनिवेश (जगण्याची चिवट ओढ). (सूत्रांतला राग म्हणजे आसक्ती. आपला मराठी राग द्वेषाच्या घरातला.) आणि लगेच चौथ्या सूत्रात या क्लेशांच्या चार अवस्था येतात: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. उदार म्हणजे उघड चालू असलेला. तुमचा पूर्वीचा ऑफिसातला राग तो. प्रसुप्त म्हणजे बीजरूपानं झोपलेला. त्याला जागं करणारा विषय समोर आला की तो उठतो. विच्छिन्न म्हणजे मध्येच तुटलेला, दुसऱ्या कशानं तरी झाकला गेलेला. आणि तनु म्हणजे खरोखर क्षीण झालेला.

गंमत अशी, की यातल्या तीन अवस्थांमध्ये माणूस बाहेरून सारखाच शांत दिसतो. आतूनही पुष्कळदा सारखंच वाटतं. व्यासभाष्यात, म्हणजे सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, विच्छिन्नाचं उदाहरण आहे: चैत्र एका स्त्रीवर अनुरक्त आहे, म्हणून तो बाकीच्या स्त्रियांबाबत विरक्त झाला असं होत नाही. त्याची आसक्ती सध्या एका ठिकाणी गुंतलेली आहे, इतकंच. भाष्यकाराला माणसं चांगली ठाऊक होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग: आतून ओळखता येतं का? एकांतात बसून नाही. विषय समोर आल्याशिवाय प्रसुप्त आणि तनु यांतला फरक कळायला मार्ग नाही. कुणी आवाज चढवल्यावर तुम्ही थांबता, ठीक. पण तो आवाज साहेबाचा होता की शिपायाचा? जिथं थांबल्यानं फायदा आहे तिथं सगळेच थांबतात. ज्याच्यावर ओरडल्यानं तुमचं काहीच बिघडणार नाही अशा माणसासमोर काय होतं, ते बघा.

करंजेकरीण

वेण्णाकाठ ताईंचं छान आहे, पण मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. मी त्या घरातली आहे. आमचे 'हे' ध्यान करतात.

ध्यानाला बसलेल्या माणसाच्या घरात काय चालतं ते कुणी लिहीत नाही. पहाटे कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. मुलं भांडली तर त्यांना दुसऱ्या खोलीत न्यायचं. गॅस संपला, पाणी गेलं, दारात कुणी आलं, सगळं आपण बघायचं, कारण त्यांचं बसणं मोडता कामा नये. मग ते उठतात, प्रसन्न असतात, आणि आपण वैतागलेलो असतो. त्यांना वाटतं, ही किती चिडते. त्यांची शांतता अशी माझ्या खर्चानं उभी आहे, हे त्यांना 'दिसत' नाही. बाकी सगळं दिसतं, श्वास दिसतो, विचार दिसतात.

चारभिंती, तुम्ही पाच रात्री ऐकलंत म्हणता. त्यात एकदा तरी 'मग तुझं काय म्हणणं, काय करूया?' असं विचारलंत का? बाईला भाऊ जाईल की काय अशी भीती असताना समोरचा माणूस तिच्याकडं न बघता स्वतःच्या मनाकडं बघत असला, तर तिला ते कळतं हो. लगेच कळतं.

पोवईनाका

+१ करंजेकरीण. हा प्रतिसाद आमच्या घरच्या ग्रुपवर टाकू का?

हळदबाजार

सांगलीहून. ध्यान-बिन मला कळत नाही, पण गप्प आणि शांत यावरनं एक आठवलं.

२०१९ चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. पाणी ४५ च्या वर गेलं आणि चढतच होतं. आमच्या गल्लीत सगळे सामान माडीवर चढवत होते, म्हाताऱ्यांना हलवत होते. एक गृहस्थ, साधनेत मोठे मानले जातात, ते कट्ट्यावर बसून होते. चेहऱ्यावर सुरकुती नाही. 'जे व्हायचं ते होतं' म्हणाले. त्यांचं कपाट, त्यांची गादी आम्ही पोरांनी उचलून वर नेली. नंतर लोक म्हणायचे बघा, काय ती स्थितप्रज्ञता!

आणि दुसरी त्याच गल्लीतली एक बाई. मिरच्या कांडप करून विकते. ती रडत होती, शिव्या घालत होती आणि एका हातानं शेजारणीचं पोर धरून दुसऱ्यानं दोर बांधत होती. तिला सगळं भान होतं. कुणाच्या घरात कोण आजारी, कुणाचं औषध कुठल्या फळीवर, सगळं.

आता तुम्ही योगवाले सांगा, यात जागा कोण होता?

वेण्णाकाठ

हळदबाजार, तुम्ही मला न कळत दुसऱ्या सूत्रावर आणून सोडलंत.

पहिल्या पादातलं तेहतिसावं सूत्र. चित्त प्रसन्न कशानं होतं? मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांनी. पण त्या हव्या तिथं लावायच्या नाहीत. पतंजलींनी प्रत्येकीला तिचा विषय नेमून दिलाय. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि उपेक्षा फक्त अपुण्याबाबत. म्हणजे जो दुष्टपणा करतोय आणि आपल्याला बदलता येत नाही, तिथं.

साधकाचं होतं असं की चारातली उपेक्षा सगळ्यात सोपी पडते. तिला काही करावं लागत नाही. मग तो तीच सगळीकडं लावत सुटतो. मुलाच्या निकालाला मुदिता हवी होती, तिथं उपेक्षा. बायकोच्या भीतीला करुणा हवी होती, तिथंही उपेक्षा, आणि वर तिला साक्षीभाव हे नाव. ते कट्ट्यावरचे गृहस्थ तर पुरालाच उपेक्षा लावून बसले होते.

चारभिंती, तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग इथं सुटतो असं मला वाटतं. बघण्यात काही खोट नाही. तुम्ही फक्त स्वतःला बघताय. समोरचं माणूस त्या बघण्यातून वगळलं गेलंय.

चारभिंती

दोन-तीन गोष्टी.

शिपायाचा प्रश्न चांगला होता. साहेबासमोर थांबतो, शिपायासमोरही थांबतो, पण रिक्षावाल्यासमोर आणि बँकेच्या फोनवाल्यांसमोर अजिबात नाही. तिथं फट वगैरे काही सापडत नाही, सरळ शब्द जातो. हे आजवर मोजलं नव्हतं.

करंजेकरीण, नाही, विचारलं नव्हतं. पण एक बाजू मांडतो. पूर्वी मी विचारायचो आणि लगेच उत्तरही मीच द्यायचो, हे कर, ते करू नको, आणि त्यावरून भांडण व्हायचं. ते थांबलं हेही खरं आहे. 'पूर्वी भांडायचात तेव्हा निदान घरात होतात' हे ऐकायला छान वाटतं, पण त्या भांडणांत मुलगा कानावर उशी घेऊन झोपायचा. तिथं परत जायचं नाही. म्हणून सगळंच सोंग होतं हे मला मान्य नाही.

वेण्णाकाठ, उपेक्षेचं पटलं. तेवढंच पटलं तरी धागा काढल्याचं चीज झालं.

स्टेथोस्कोप

शरीराच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण इथं सगळं मनावरच चाललंय.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. हे निरोगी माणसात होतंच. श्वास सोडण्याचा काळ लांबवला, एकूण श्वासांची गती कमी केली, की शरीर विश्रांतीच्या बाजूला झुकतं. अनुलोम-विलोमनंतरचं ते निवांत वाटणं बऱ्याच अंशी इथून येतं. चांगलं आहे, करावं. पण हा परिणाम तात्पुरता आहे. पहाटे मिळालेली शिथिलता दुपारी पोवई नाक्यावरच्या ट्रॅफिकपर्यंत पुरेलच असं नाही. लोक या शारीरिक निवांतपणालाच परिवर्तन समजतात, मग तो उतरला की 'आज साधना नीट झाली नाही' म्हणून खट्टू होतात. भारतात या गोष्टी प्रयोगशाळेत तपासायला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून सुरुवात केली. तेव्हा शास्त्र आणि योग यांचं भांडण लावायची गरज नाही.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. 'अलिप्त झालोय, कशातच रस वाटत नाही' असं कुणी सांगितलं की मी साधनेच्या आधी बाकीचं विचारतो. झोप कशी आहे? भूक? आवडीच्या गोष्टी आवडतात का? दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास, कशातच आनंद नाही, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर ते वैराग्य समजून घरी बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. नैराश्य साधकालाही होतं, आणि साधकाच्या घरी ते उशिरा ओळखलं जातं, कारण सगळ्यांना वाटतं हा आत वळलाय. चारभिंतींच्या लिहिण्यातून मला तसं दिसत नाही, पण धागा बरेच जण वाचतात म्हणून लिहिलं.

आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी यूट्यूबवर बघून श्वास कोंडायचे प्रयोग करू नयेत. कुंभक जाणकारासमोरच.

माणदेशी_पोर

मी गोंदवल्याच्या जवळचा, सध्या पुण्यात. आमच्याकडं ध्यान, साक्षीभाव असलं कुणी बोलत न्हाई. नाम. गोंदवलेकर महाराजांनी १९१३ साली देह ठेवला, पण आमच्या भागात अजून महाराज म्हटलं की तेच.

आज्जी आयुष्यभर नाम घ्यायची. बसून न्हाई, कामात. दळताना, झाडताना, शेळीला पाला टाकताना. मी ल्हान असताना तिला इचारलं हुतं, नाम घेताना दुसरीकडं लक्ष गेलं तर? म्हणली, जाऊ दे की, परत आलं की घ्यायचं. तिला लई ग्यान नव्हतं, पण गीतेत सहाव्या अध्यायात हेच हाय असं नंतर कळलं: मन जिथं जिथं पळंल तिथनं तिथनं परत आणायचं.

सांगायचं हे, की तिच्या नामानं कुणाला आडकाठी झाली न्हाई. उलट घरात कोण उपाशी हाय ते सगळ्यात आधी तिला कळायचं. करंजेकरीण ताईंनी लिव्हलंय तसं कुकरची शिट्टी थांबवायची वेळ आज्जीमुळं आमच्या आज्ज्यावर कधी आली न्हाई. :) बाईमाणसाची साधना कामातच असती, तिला पाट मांडून कोण देतो?

करंजेकरीण

माणदेशी_पोर, शेवटच्या ओळीला साष्टांग.

सज्जनगडवारी

इतक्या प्रतिसादांत साताऱ्याच्या धाग्यावर समर्थांचं नाव कुणी काढलं नाही, आश्चर्य आहे. उरमोडी नदीच्या वर समर्थांचा सज्जनगड उभा आहे आणि आपण चैत्राची प्रकरणं उकरतोय.

दासबोधात अकराव्या दशकाच्या पाचव्या समासात चार गोष्टी सांगितल्यात. पहिली हरिकथा निरूपण, दुसरं राजकारण, 'तिसरें तें सावधपण, सर्वविषयीं' आणि चौथा साक्षेप म्हणजे कष्ट, प्रयत्न. इथं 'सर्वविषयीं' वर बोट ठेवा. आसनावर बसल्यावरचं सावधपण नाही, सगळ्या बाबतींतलं. आणि त्याला लागून साक्षेप. सावध आहे पण हात हलवत नाही, असा माणूस समर्थांच्या हिशेबात बसत नाही. कट्ट्यावरचे गृहस्थ इथंच नापास.

त्याच समासात पुढं एक ओवी आहे, ती चारभिंतींसाठीच असावी: 'जाणावें पराचें अंतर । उदासीनता निरंतर ।' एकाच ओळीत दोन्ही. दुसऱ्याच्या अंतःकरणात काय चाललंय ते जाणायचं आणि त्याच वेळी स्वतः उदासीन राहायचं. आपण काय करतो? उदासीनता ठेवतो आणि पराचं अंतर सोडून देतो. किंवा पराच्या अंतरात इतके घुसतो की आपलाच तोल जातो. चारभिंती आधी दुसऱ्या प्रकारचे होते, आता पहिल्या प्रकारचे झाले. दोन्ही अर्धेच. क्रमही बघा, 'जाणावें' आधी आलंय.

गडावर सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, गाड्यांची रांग लागते. मधल्या वारी जा, खालच्या परळी गावातलं हेमाडपंती महादेवाचं देऊळही बघून या.

शंकासुर

ओवी चांगली आहे, कबूल. पण माझा मूळ प्रश्न तसाच लोंबकळतोय. क्लेश क्षीण होतात, तनु होतात, पुढं म्हणे बीज भाजल्यासारखे होतात आणि परत उगवतच नाहीत. असा भाजलेल्या बीजाचा माणूस तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का? वेण्णाकाठ मॅडम, तुम्हीच म्हणालात विषय समोर आल्याशिवाय कळत नाही. मग एखाद्याचं बीज भाजलं गेलंय हे कधीच सिद्ध होणार नाही. उद्या नवा विषय समोर येऊ शकतो. म्हणजे हा दावा तपासताच येत नाही.

वेण्णाकाठ

बरोबर पकडलंत. तो दावा तपासता येत नाही, आणि मी तो करतही नाही. दग्धबीज अवस्था फार पुढची. पण तिच्या आधीचं जे आहे ते रोज तपासता येतं. त्याच दुसऱ्या पादाच्या दुसऱ्याच सूत्रात क्रियायोगाचं, म्हणजे रोज करायच्या साधनेचं, प्रयोजन दिलंय: समाधीची भावना आणि क्लेशांचं तनूकरण. पातळ करणं, इतकंच. अकराव्या सूत्रावरच्या भाष्यात कपड्याचा दाखला आहे. कपड्यावरचा जाड मळ आधी झटकला जातो, बारीक मळ नंतर, यत्नानं आणि उपायानं निघतो. म्हणजे झटकण्याच्या टप्प्यावर असलेल्यानं बारीक मळाची चर्चा करूच नये. रिक्षावाल्यावर ओरडणं हा जाड मळ. तो दहा प्रसंगांत होता तो सातांत आला का? याला नियंत्रण गट लागत नाही, शंकासुर. घरातल्या माणसाला विचारलं की पुरे.

आणि याला उपाय सूत्रांत दिलाय, प्रतिपक्षभावन. नुसतं 'राग आलाय, राग आलाय' बघत बसणं वेगळं, आणि त्याच्या उलट दिशेचं काहीतरी मुद्दाम मनात आणणं वेगळं. फोन करणारा मुलगा दिवसाला किती शिव्या खात असेल, त्याला महिन्याचं टार्गेट असेल, हे मनात आणणं. भाष्यकार तनु अवस्थेचं कारण म्हणून प्रतिपक्षभावनच सांगतात. चारभिंतींच्या साधनेत बघणं भरपूर आहे, हे नाही. माझं निदान एवढंच.

शंकासुर

'घरातल्या माणसाला विचारलं की पुरे' हे पटलं. मग आता सगळ्या साधकांच्या घरच्यांचा वेगळा धागा काढा, मी पहिला वाचक.

औंधकर

उशिरा आलो. आसनं आणि प्राणायामावर बोलणं झालं, नमस्कारांवर कुणी नाही, म्हणून.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यासच घेतला होता. स्वतः घालायचे, घरच्यांना घालायला लावायचे, संस्थानातल्या शाळांतही आणले. माझे वडील त्या पठडीतले. त्यांच्याकडून एक शिकलो. नमस्कार मोजून घालताना मन आकड्यावर जातं, श्वासावर राहत नाही. पन्नास झाले, साठ झाले, आणि प्रत्येक आकड्याबरोबर आपण किती भारी हे वाढतं. वडील मध्येच थांबवून विचारायचे, आत्ता उजवा पाय मागं गेला की डावा? सांगता यायचं नाही. मग पुन्हा एकपासून.

साधनेची वर्षं मोजणाऱ्यांनाही हेच विचारावंसं वाटतं. चारभिंतींनी ती मोजली नाहीत, बरं वाटलं.

(अवांतर: याच राजानं १९३९ साली संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. नमस्कारांनी तेही झालं असं मी म्हणत नाही, नाहीतर शंकासुर येतील.)

शंकासुर

आलोच होतो. कंसामुळं परत चाललो.

चारभिंती

सगळ्यांचे आभार. बायकोला धागा दाखवला. तिनं करंजेकरीण यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाली, या बाईंना भेटायचंय. तुमचं करंजे आमच्यापासून लांब नाही, बघा जमलं तर.

मी एक बदल केलाय. बसून उठल्यावर लगेच पेपर घ्यायचो, तो वेळ आता चहा करतो. मोठं काही नाही. पण चहा करताना तिच्याकडं बघावं लागतं, साखर किती, झोप झाली का, भावाचा फोन आला का. दोन-चार दिवस ती संशयानं बघत होती. मेव्हण्याची तब्येत ठीक आहे, टाके निघाले.

फोनवाल्यांचं अजून जमत नाही.

करंजेकरीण

भेटूया की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि चहा रोज करा, नव्याचे नऊ दिवस नको. आमच्या 'ह्यां'नाही धागा वाचायला दिलाय, अजून 'बघतायत'.

कासपठार

मी नवीन आहे, इतकं मोठं काही कळत नाही. साधा प्रश्न विचारू का? ध्यानाला बसलो की दहा मिनिटांत झोप लागते. मान पडते. हे चालतं का? घरचे म्हणतात तुझी समाधी लागते.

वेण्णाकाठ

समाधीत मान पडत नाही. :) योगसूत्रांत नऊ अंतराय म्हणजे अडथळे सांगितलेत, व्याधी, स्त्यान (मनाचा जडपणा), संशय, प्रमाद, आलस्य वगैरे. त्यातले स्त्यान आणि आलस्य तुमच्याकडं आलेत, सगळ्यांकडं येतात. आधी रात्रीची झोप पुरी होते का बघा. नसेल तर ध्यान राहू द्या, झोपा. पुरी होत असेल तर पाठीला टेका न लावता बसा, डोळे पूर्ण मिटू नका, समोर जमिनीवर नजर ठेवा, आणि जेवणानंतर लगेच बसू नका.

औंधकर

आणि बसायच्या आधी बारा नमस्कार. सावकाश. उजवा पाय, डावा पाय लक्षात ठेवून.

कासपठार

धन्यवाद. रात्री एक-दीडपर्यंत मोबाईल बघतो, ते आधी बघतो.